जनक कोण?

व्हिडिओ गेमचा जनक म्हणून अटारीच्या नोलन बुशनेलचं नाव सर्रास घेतलं जातं. आयुष्यभर वर्गात इतिहास शिकवल्यामुळे मला हे काही पटत नाही.

राल्फ बेअर हा १९३८ साली नाझी जर्मनीतून अमेरिकेत आलेला ज्यू मुलगा. पुढे इंजिनियर झाल्यावर त्याने सहकाऱ्यांसोबत १९६८ पर्यंत टीव्हीला जोडायचा खेळ तयार केला. १९७२ मध्ये मॅग्नाव्हॉक्स कंपनीने तो 'ओडिसी' नावाने बाजारात आणला. त्याच वर्षी मे महिन्यात बुशनेलने त्याचं प्रात्यक्षिक पाहिलं. त्यात टेबल टेनिस होतं! काही महिन्यांत अटारीचं 'पाँग' आलं. तेही प्रत्यक्ष बनवलं अ‍ॅलन अल्कॉर्नने. मॅग्नाव्हॉक्सने दावा लावला, तेव्हा १९७६ मध्ये अटारीने पैसे भरून परवाना घेतला.

बुशनेलने धंदा उभा केला, खेळ घराघरांत पोचवला. ते श्रेय त्याचंच. पण दुकान थाटणारा वेगळा आणि माल घडवणारा वेगळा. बेअरला राष्ट्रीय पदक मिळालं ते २००६ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी.

असो. ज्याचा आवाज मोठा त्याचं नाव आधी लिहिलं जातं. ते तपासून दुरुस्त करणं हेच तर इतिहासाचं काम, नाही का?