पत्ता वाचणाऱ्या यंत्राची कुळकथा

‘बी-204, साईदर्शन सोसायटी, मारुती मंदिराच्या मागे, हेंद्रेपाडा, बदलापूर (प.), ता. अंबरनाथ, जि. ठाणे 421503.’ असा पत्ता इथल्या पोस्टमनला वाचता वाचता उमगतो. बँकेच्या संगणकापुढे मात्र ती एक सलग ओळ असते. सोसायटीचं नाव कुठे संपलं, खूण कुठे सुरू झाली, वस्ती कोणती आणि शहर कोणतं, हे त्याला कळत नाही. त्यात एका अर्जावर ‘हेंद्रेपाडा’, दुसऱ्यावर ‘हेन्द्रे पाडा’, तिसऱ्यावर नुसतंच ‘कुळगाव-बदलापूर’. शेजारच्या उल्हासनगरात तर कॅम्प आणि बॅरेकच्या नंबरावर पत्ता चालतो. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसले, तेव्हापासूनची ही रीत.

डेटा मायनिंगचा, म्हणजे नोंदींच्या ढिगातून उपयोगी माहिती शोधण्याचा, बोलबाला आज बँका, विमा, दुकानदारी, आरोग्य अशा सगळ्या क्षेत्रांत आहे. पण कोणत्याही क्षेत्रात गेलं तरी या कामाची पहिली पायरी तीच: अशा ओळी फोडायच्या आणि दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत की दोघांच्या, हे ठरवायचं. इथे चूक झाली की पुढचं सगळं गणित चुकतं.

या खटाटोपाचं मूळ संगणकाहून जुनं आहे. 1918 मध्ये रॉबर्ट रसेल या अमेरिकी माणसाने, सारखी ऐकू येणारी आडनावं एकाच खुणेखाली आणणाऱ्या ‘साउंडेक्स’ पद्धतीचं पेटंट घेतलं. 1969 मध्ये इव्हान फेलेगी आणि अ‍ॅलन संटर या संख्याशास्त्रज्ञांनी दोन नोंदी जुळवण्याला संभाव्यतेचा पाया दिला.

भारतात पत्त्याला आकड्यांची शिस्त लावली ती एका मराठी अधिकाऱ्याने. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची अनेक गावं, न लागणारी अक्षरं आणि डझनभर भाषा यांतून वाट काढण्यासाठी त्यांनी आखलेला सहा आकडी पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला. 421503 मधला 4 पश्चिमेकडचा विभाग दाखवतो, पहिले तीन आकडे मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन आकडे टपाल कार्यालयापर्यंत नेतात. तिथून दारापर्यंतचा रस्ता मात्र शब्दांतच लिहावा लागतो.

हे शब्द यंत्राला वाचायला शिकवण्याची एक महत्त्वाची पद्धत पवईत जन्माला आली. आयआयटी मुंबईतले विनायक बोरकर, कौस्तुभ देशमुख आणि सुनीता सरावगी यांनी 2001 मध्ये ‘डेटामोल्ड’ नावाचं साधन जगापुढे मांडलं. तोवरची साधनं माणसाने हाताने लिहून दिलेल्या नियमांवर चालत. अमेरिकेत ते निभावून जाई, कारण तिथे घर क्रमांक, रस्ता, शहर, राज्य हा क्रम सहसा मोडत नाही. आपल्याकडे कुणी खूण आधी लिहितो, कुणी वस्ती. कुणाच्या पत्त्यात रस्त्याचं नावच नसतं. नियम लिहायचे तरी किती? डेटामोल्डने नियम मागितलेच नाहीत. माणसाने फोडून दाखवलेले थोडेसे पत्ते त्याला पुरत. त्यांवरून ते स्वतः शिके.

त्यामागचं गणित रशियातून आलेलं. गणितज्ञ आंद्रेई मार्कोव्हने 1913 मध्ये पुश्किनच्या काव्यातली 20,000 अक्षरं मोजून, एका अक्षरानंतर स्वर येण्याचा संभव किती आणि व्यंजन येण्याचा किती, हे दाखवलं होतं. अक्षरांच्या जागी पत्त्याचे घटक ठेवले की तेच तंत्र इथे लागू पडतं. ‘सोसायटी’ या शब्दाशी इमारतीचं नाव संपण्याचा संभव मोठा. ‘मागे’, ‘जवळ’, ‘समोर’ आले की ती खूण. शेवटी सलग सहा आकडे, म्हणजे पिनकोड. मधला ‘हेंद्रेपाडा’ यंत्राने आधी कधी पाहिला नसला, तरी खूण आणि शहर यांच्या मधोमध आहे म्हणून ती वस्ती असावी, असा अदमास ते बांधतं. असं एकेका शब्दाचं वजन करत संपूर्ण ओळीची सर्वांत संभाव्य फोड निवडली जाते. चाचण्यांत अमेरिकी पत्त्यांवर 99 टक्के अचूकता मिळाली, आशियाई पत्त्यांवर 90. या नऊ टक्क्यांच्या फरकात आपल्या पत्त्यांचा अवघडपणा दिसतो.

पुढच्याच वर्षी सरावगी आणि अनुराधा भमिडिपाटी यांनी दुहेरी नोंदी ओळखणारी पद्धत मांडली. जिथे यंत्राची खात्री पटत नाही, नेमक्या त्याच जोड्या ते माणसापुढे ठेवतं आणि उत्तरावरून शिकतं. हजारो नोंदी तपासण्याचे कष्ट त्यामुळे थोडक्यावर येतात.

आज याच जातीचं काम ठिकठिकाणी चालतं. मुंबईत 2000 मध्ये स्थापन झालेल्या सिबिलसारख्या पतमाहिती संस्था वेगवेगळ्या बँकांकडच्या नोंदी नाव, जन्मतारीख, पॅन आणि पत्ता जुळवून एका कर्जदाराच्या नावे गोळा करतात. विमा कंपन्या एकाच पत्त्यावरून निरनिराळ्या नावांनी आलेले दावे हुडकतात. ऑनलाइन दुकानं कोणतं पार्सल कोणत्या डिलिव्हरी बॉयच्या फेरीत घालायचं, ते पत्त्यावरून ठरवतात. साथीच्या दिवसांत रुग्णांचे पत्ते नकाशावर मांडून रोगाचं मूळ शोधतात. लंडनमध्ये 1854 साली जॉन स्नोने कॉलऱ्याच्या मृत्यूंबाबत नेमकं हेच हाताने केलं होतं.

जुळणी चुकली तर फटका माणसाला बसतो. दुसऱ्याची थकबाकी आपल्या नावावर चढली की घराचं कर्ज अडतं. म्हणूनच पतमाहिती कंपन्यांच्या 2005 च्या कायद्याने कर्जदाराला आपल्या नोंदीत दुरुस्ती मागण्याचा हक्क दिला. हा हक्क प्रत्येकाला ठाऊक असायला हवा.

मे 2025 मध्ये टपाल खात्याने ‘डिजिपिन’ आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या साथीने तयार झालेला हा दहा अक्षर-आकड्यांचा संकेत देशातल्या सुमारे चार मीटर लांब-रुंद अशा प्रत्येक चौकोनाला स्वतःची ओळख देतो. पण तो अक्षांश-रेखांशावर बेतलेला आहे, उंची त्यात नाही. बदलापुरातल्या सात मजली इमारतीत एकावर एक असलेल्या सातही घरांचा डिजिपिन एकच येणार; विंग, मजला आणि फ्लॅट नंबर शब्दांतच लिहावे लागणार आणि यंत्राला ते वाचावेच लागणार.