शिसं, पाइप आणि सहा महिने

पाइप बनवणाऱ्या कामगाराच्या नुकसानभरपाईचा इतिहास लिहायचा तर सुरुवात शिशापासून करावी लागते. रोमन लोक पाण्याचे नळ शिशाचे करायचे. लॅटिनमध्ये शिशाला प्लंबम म्हणतात. आपला प्लंबर तिथूनच आला. विट्रुव्हियस नावाच्या रोमन स्थापत्यकारानं दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं, की शिशाचं काम करणाऱ्यांचे चेहरे पांढरेफटक पडतात, म्हणून नळ मातीचेच बरे. काळजी होती पाणी पिणाऱ्याची. कामगाराचा चेहरा फक्त पुरावा म्हणून कामाला आला.

इंग्लंडात १८९७ साली भरपाईचा कायदा झाला. त्याआधी मालकाची चूक कामगारानंच कोर्टात सिद्ध करायची. मालकाकडे वकील, कामगाराकडे तुटका हात. नव्या कायद्यानं सांगितलं : काम करताना इजा झाली ना? मग चूक कुणाची ते विचारू नका, पैसे द्या. १९०६ साली त्यात धंद्यातून होणारे रोग आले. त्या यादीत शिसं होतं. हिंदुस्थानात कायदा झाला १९२३ साली, लागू झाला १ जुलै १९२४ला. आपल्याही यादीत शिशाची विषबाधा पहिल्या दिवसापासून आहे.

पण मेख बघा. रोगाची भरपाई हवी तर एकाच मालकाकडे सलग सहा महिने काम पाहिजे. बदलीवाला, ठेकेदाराचा माणूस, पाच महिन्यांनी ब्रेक दिलेला पोरगा, यांनी काय करायचं? विष महिने मोजत नाही. कायदा मोजतो.

दुसरी मेख पगाराची. भरपाई ठरते पगारावर. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात पगार जास्त, आणि तेच खातं अस्पृश्यांना बंद. धागा तोंडानं ओढावा लागायचा ना, विटाळ झाला असता! म्हणजे अंगठा दोघांचाही तुटला तरी आपला अंगठा स्वस्त. यंत्रानं जात पाहिली नाही, हिशेबानं पाहिली.

आणि विमा? १९२३च्या कायद्यात मालकावर विम्याची सक्ती नव्हती. काढला तर काढला. मालकाचं दिवाळं निघालं की विधवेच्या हातात नुसता कागद. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. त्याच काळात, १९४३ साली, प्रा. बी. पी. आडारकरांना कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखायला सांगितलं गेलं. १९४४ला अहवाल आला. त्यातूनच १९४८चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. २४ फेब्रुवारी १९५२ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. आपण तिला ईएसआय म्हणतो. फरक हा, की वर्गणी कामगाराचीही कापली जाते, म्हणून पैसे मालकाच्या मर्जीवर नाहीत. ही भीक नाही. आपल्या पगारातून भरलेला हक्क आहे.

इकडे शिशाचे नळ गेले, प्लास्टिकचे आले. लोकांना वाटलं, शिसं गेलं. ते गेलं नव्हतं. पीव्हीसीची भुकटी तापली की बिघडते, तिच्यातून आम्ल सुटतं. ते रोखायला तिच्यात शिशाचे क्षार मिसळायची रीत पडली. पोतं फोडून मिक्सरमध्ये ओतणारा माणूस ती धूळ श्वासाबरोबर घेतो. तिकडं खराब पाइप दळणाऱ्या ग्राइंडरनं बोट घेतलं तर रक्त दिसतं. १९२३च्या कायद्याला पुढे जोडलेल्या कोष्टकात त्याचा भाव होता : अंगठा ३० टक्के, आख्खी तर्जनी १४ टक्के. पण रक्तात शिरलेलं शिसं दिसत नाही. पोटात कळा येतात, अंगातलं रक्त कमी होतं, मनगट लुळं पडतं. सुपरवायझर म्हणतो, दारू कमी कर.

सरकारनं २०२१ साली पीव्हीसी पाइपातून शिसं हटवायचे नियम केले. चिंता नळाच्या पाण्याची. ती रास्तच आहे. पण विट्रुव्हियसपासून इथवर पोतं ओतणारा पुन्हा मागंच राहिला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ आणि १९४८च्या कायद्यांची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली. यादीत शिसं अजून आहे. म्हणजे कायद्यात शब्द नाही असं म्हणायची सोय नाही. शब्द शंभर वर्षांचा आहे. पुरावा आपण गोळा केला नाही तर तो तसाच पडून राहील.

म्हणून मित्रांनो, जयंतीच्या वर्गणीची वही काढता, तशीच आणखी एक वही काढा. वस्तीतली कोण पोरं पाइपाच्या कारखान्यात जातात, कुठल्या तारखेला लागली, ब्रेक कधी मिळाला, ईएसआयचा नंबर आहे का, सगळं लिहा. आजारी पडला तर डॉक्टरला आधी काम सांगा, मग दुखणं. रक्तातल्या शिशाची तपासणी मागा, रिपोर्ट जपून ठेवा. सहा महिने मालक मोजतो. आता आपणही मोजू.