केडगावच्या पंडिता रमाबाई

मंडळी, आपण मोहनेकर कल्याणहून सोलापूरच्या गाडीत बसलो, की पुणं सोडल्यावर दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं. तिथलं ‘मुक्ती’ पंडिता रमाबाईंचं. १८९६-९७ च्या दुष्काळात बाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या नि उपाशी बायका-मुली घेऊन आल्या.

१८८३ साली वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुणं खवळलं, हे आपण जाणतोच. पण वाँटेजच्या भगिनींशीही बाईंचं पटेना. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असं त्यांनी विचारलं. चर्च सांगतं एवढ्यावर त्रैक्य मानायला नकार दिला. आम्ही तत्त्वज्ञानवाले याला विवेक म्हणू. तिथं तो गर्व ठरला.

१८९३ मध्ये शारदा सदनातल्या मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून रानडे-भांडारकर सल्लागार समितीतून बाहेर पडले. बाईंचं म्हणणं, माझं दार उघडं असतं, वाटेल तिनं यावं. पण जिला दुसरं घरच नाही, तिची मर्जी कितपत मोकळी? हा प्रश्न आम्हांला आजही खराच वाटतो. पुष्कळ मुली काढून नेल्या गेल्या. सदन मात्र चालू राहिलं.

पुढं बाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं. छपाई मुक्तीतल्या बायकांनीच केली. १९२१ मध्ये लेक मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ ला बाई.