तळटीप : नॅनोद्रव

३. नॅनोद्रव : १०० नॅनोमीटरहून बारीक घनकण मिसळलेला उष्णतावाहक द्रव. हे नाव अमेरिकेतील आरगॉन प्रयोगशाळेच्या स्टीफन चोई यांनी १९९५मध्ये रूढ केले. उष्णतावाहकता पाण्याची सुमारे ०.६, तेलाची ०.१, तर तांब्याची ४०० (वॅट प्रति मीटर केल्विन). कण घालण्यामागे हाच हिशेब. मात्र कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात, द्रव दाट होतो आणि पंपाला वीज जास्त लागते. म्हणून मोठ्या सौर औष्णिक केंद्रांत कृत्रिम तेल किंवा वितळलेले क्षारच वापरतात. येरमाळ्याच्या वाचकाला जवळचे उदाहरण लातूरचे : महानंद दुग्धशाळेत २००६मध्ये बसवलेल्या १६० चौरस मीटरच्या ‘अरुण’ या सौर तबकडीने दूध पाश्चरीकरणासाठी दाबाखालचे साधे पाणीच तापवले. — संपा.