स्थूलता-शस्त्रक्रियोत्तर आहार व व्यायाम

अतिस्थूल व्यक्तीचे वजन घटविण्यासाठी जठराचे आकारमान कमी करणे, लहान आतड्याचा काही भाग अन्नमार्गातून वगळणे किंवा या दोन्ही गोष्टी एकत्र करणे, या स्वरूपाच्या शस्त्रक्रियांना स्थूलता-शस्त्रक्रिया म्हणतात. अशा शस्त्रक्रियेनंतर आहारातून मिळणारी ऊर्जा आणि व्यायाम व चयापचय यांमधून खर्च होणारी ऊर्जा यांचा मेळ कसा राखावा, हा प्रश्न शस्त्रक्रियेइतकाच महत्त्वाचा आहे. त्याचे आजचे उत्तर सुमारे सात दशकांच्या अनुभवातून हळूहळू सिद्ध झाले असून त्यातील काही अनुभव रुग्णांना फार महाग पडलेले आहेत.

ऊर्जामापनाची पूर्वपीठिका : अन्नातील ऊर्जा किलोकॅलरीत मोजतात, व्यवहारात तिलाच ‘कॅलरी’ म्हटले जाते. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर (१८४४–१९०७) यांनी १८९० नंतरच्या दशकात मिडलटाउन येथील वेस्लियन विद्यापीठात भौतिकीविज्ञ एडवर्ड रोझा यांच्या सहकार्याने माणसाला आत राहता येईल असा उष्णतामापक कक्ष उभारला. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मानवी शरीरालाही लागू पडतो, हे या प्रयोगांनी दाखवून दिले. एक ग्रॅम प्रथिनापासून किंवा कार्बोहायड्रेटापासून सुमारे ४ आणि एक ग्रॅम वसेपासून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, हे आजही वापरात असलेले गुणांक त्यांच्याच कार्यातून आले.

यावरून स्थूलता म्हणजे केवळ जमाखर्चाची चूक होय, असा समज दृढ झाला. तथापि या जमाखर्चातील खर्चाची बाजू स्थिर नसते, हे अँसेल कीझ यांनी मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये केलेल्या उपासमारीच्या प्रयोगात स्पष्ट झाले. युद्धात शस्त्र धरण्यास तत्त्वतः नकार देणाऱ्या ३६ निरोगी तरुणांनी त्यात स्वेच्छेने भाग घेतला. २४ आठवडे त्यांचा आहार जवळजवळ निम्म्यावर आणला गेला आणि आठवड्याला सुमारे ३५ किमी. चालणे सक्तीचे होते. त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांशाने घटले; परंतु मूलभूत चयापचयही (पूर्ण विश्रांतीत शरीर चालू ठेवण्यासाठी लागणारा ऊर्जाव्ययही) सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. पोटभर अन्न पुन्हा मिळू लागल्यावर त्यांच्या शरीरातील वसा मूळ पातळीच्याही पुढे गेली. अन्न कमी पडले की शरीर खर्च आखडते आणि गमावलेला साठा भरून काढू पाहते, हा या प्रयोगाचा बोध होय.

आतडे वगळण्याचे पर्व : त्याच विद्यापीठातील क्रेमेन, लिनर व नेल्सन यांनी १९५४ मध्ये लहान आतड्याचा बराचसा भाग वगळण्याच्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढील दोन दशकांत ही शस्त्रक्रिया अमेरिकेत रूढ झाली. रुग्णाने हवे ते खावे, पचलेले अन्न शोषलेच जाणार नाही, अशी तिच्यामागील कल्पना होती. साहजिकच आहारनियमन व व्यायाम यांना तीत गौण स्थान होते. वजन घटले, पण सतत अतिसार, जीवनसत्त्वांची व खनिजांची न्यूनता, ऑक्झॅलेटाचे मूतखडे आणि काही रुग्णांत यकृताचा घातक ऱ्हास असे परिणाम दिसू लागले. अनेकांची आतडी पुन्हा पूर्ववत जोडावी लागली आणि १९८० च्या सुमारास ही पद्धत मागे पडली. ऊर्जेची आवक रोखताना पोषणाचीही आवक रोखली जाते, हा धडा त्यातून मिळाला.

जठरावरील शस्त्रक्रिया : आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी चिकाशी ईतो यांच्यासह १९६६ मध्ये जठराचा वरचा लहान भाग वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया केली. पुढे जठराला पट्टा बसविणे, जठराची उभी नळी करणे इ. प्रकार आले. १९९० नंतरच्या दशकात दुर्बिणीच्या साहाय्याने लहान छेदांतून शस्त्रक्रिया होऊ लागल्यावर त्यांचा जगभर प्रसार झाला.

लहान झालेल्या जठरात एका वेळी थोडेच अन्न मावते. त्यामुळे प्रथम द्रव, मग पातळ लगदा, नंतर मऊ व अखेरीस नेहमीचे अन्न असा क्रम रूढ झाला. पहिल्या काही महिन्यांत रुग्णाचा आहार बहुधा दिवसाला १,००० किलोकॅलरींच्या आत राहतो. अशा तुटपुंज्या आहारात कॅलरी मोजण्यापेक्षा त्या कशापासून मिळतात याला अधिक महत्त्व येते. म्हणून दररोज किमान ६० ग्रॅम प्रथिने घेण्याची आणि बी-१२ जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांची पूरक मात्रा कायम चालू ठेवण्याची शिफारस केली जाते. जठर व आतडे जोडलेल्या रुग्णाने एकदम गोड पदार्थ खाल्ल्यास घाम, धडधड व भोवळ अशी लक्षणे उद्भवू शकतात. पुष्कळांच्या बाबतीत साखरेचा हव्यास त्यामुळेच आवरला जातो.

हॉर्मोनांचा शोध : जठर लहान झाल्याने भूक भागते, एवढेच स्पष्टीकरण पुढे अपुरे ठरले. वॉल्टर पोरीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखविले की, शस्त्रक्रियेनंतर अनेक रुग्णांचा मधुमेह आटोक्यात येतो. वजनात मोठी घट होण्यापूर्वीच रक्तशर्करा उतरू लागते. जपानमध्ये १९९९ साली कोजिमा व कांगावा यांनी जठरात तयार होणारे ग्रेलीन हे भूक वाढविणारे हॉर्मोन शोधून काढले. आतड्यातील जीएलपी-१ या तृप्ती देणाऱ्या हॉर्मोनाचे जेवणानंतरचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर वाढते, असेही आढळले. भूक हा केवळ मनोनिग्रहाचा प्रश्न नव्हे, हे यामुळे मान्य झाले आणि स्थूल व्यक्तीला आळशी वा खादाड ठरविणाऱ्या जुन्या मताचा आधार ढासळला.

वजनाची परतफेड : स्वीडनमध्ये १९८७ मध्ये सुरू झालेल्या व ४,००० हून अधिक व्यक्तींचा समावेश असलेल्या दीर्घकालीन पाहणीने शस्त्रक्रियेची बलस्थाने व मर्यादा दोन्ही दाखविल्या. शस्त्रक्रिया केलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण कमी राहिले. तथापि जठर वगळलेल्या रुग्णांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सुमारे ३२ टक्क्यांनी घटले असले, तरी दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली. पट्टा बसविलेल्यांत हेच आकडे २० व १४ होते. जठर काहीसे सैलावणे, थोडे थोडे वारंवार खाणे, गोड पेये आणि उतरलेला ऊर्जाव्यय ही याची कारणे सांगितली जातात. चालण्यातील ऊर्जाव्यय साधारणपणे वजनाच्या प्रमाणात असतो. म्हणून १३० किग्रॅ.वरून ८५ किग्रॅ.वर आलेल्या व्यक्तीचा तेवढेच अंतर चालताना होणारा खर्च सुमारे एकतृतीयांशाने कमी होतो. पूर्वीइतकेच चालूनही वजन वाढू लागल्याचे पाहून खचणाऱ्या रुग्णाला हे गणित समजावून देणे आवश्यक असते.

व्यायामाचे स्थान : व्यायामाने शस्त्रक्रियेनंतर वजन आणखी पुष्कळ उतरेल, ही अपेक्षा प्रयोगांत फारशी खरी ठरली नाही. पिट्सबर्ग व ईस्ट कॅरोलायना विद्यापीठांतील संशोधकांनी १२८ रुग्णांवर केलेला व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने उद्‌बोधक आहे. सहा महिने व्यायाम केलेला व न केलेला अशा दोन्ही गटांचे वजन जवळजवळ सारखेच घटले. पण व्यायाम करणाऱ्यांत इन्शुलिनाला मिळणारा शरीराचा प्रतिसाद व हृदय-श्वसनक्षमता अधिक सुधारली. घटणाऱ्या वजनात वसेबरोबर स्नायूही असतात. त्यांची झीज कमी करण्यासाठी पुरेशी प्रथिने आणि वजन उचलणे, ताण देणे यांसारखे बलवर्धक व्यायाम यांची जोड लागते. २०१३ मधील अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांनुसार आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, तो ३०० मिनिटांपर्यंत न्यावा आणि दोन-तीन वेळा बलवर्धक व्यायाम करावा. आहार अत्यल्प असताना मात्र श्रम बेताने वाढवावे लागतात.

भारतीय संदर्भ : पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासातून, समान शरीरवस्तुमान निर्देशांक (किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या) असतानाही भारतीयांत वसा अधिक व स्नायू कमी असतात, हे पुढे आले. २०२२ मधील आंतरराष्ट्रीय शिफारशींनी आशियाई लोकांत स्थूलता २५ या निर्देशांकापासून गणावी असे म्हटले, ते अशाच भिन्नतेमुळे. स्नायूंचे भांडवल मुळातच तुटपुंजे असल्याने येथील रुग्णांना प्रथिने व बलवर्धक व्यायाम यांची गरज अधिक भासते. शाकाहारी रुग्णांच्या बाबतीत दूध, दही, पनीर, डाळी व सोयाबीन यांवर भर द्यावा लागतो. केवळ भात, पोळी किंवा पेज यांवर राहिल्यास जठर भरते, पण स्नायू उपाशी राहतात.

जीएलपी-१ सारखे कार्य करणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाला २०२१ मध्ये अमेरिकेत स्थूलतेवरील उपचारासाठी मान्यता मिळाल्यानंतर शस्त्रक्रियेला एक पर्याय उपलब्ध झाला. औषध थांबविल्यावर वजन पुन्हा वाढू लागते, हा अनुभवही सात दशकांच्या या इतिहासाशी सुसंगत आहे. शस्त्रक्रिया काय किंवा औषध काय, आवक कमी करू शकते. घटलेले वजन टिकविण्यासाठी विचारपूर्वक आहार, नियमित व्यायाम आणि वर्षानुवर्षे वैद्यकीय देखरेख यांची जोड आवश्यक असते.