‘आर. ई. एम.’ : एका वाद्यवृंदाची घडण आणि अस्फुट शब्दांचा प्रश्न

दि. ५ एप्रिल १९८० रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या गावी, उपासना बंद पडलेल्या एका एपिस्कोपल चर्चमध्ये, वाढदिवसाच्या मेजवानीच्या निमित्ताने चार तरुणांनी प्रथमच लोकांसमोर एकत्र गायनवादन केले. त्या दिवशी त्यांच्या संचाला निश्चित असे नावही नव्हते. ते पुढे शब्दकोश उघडून निवडण्यात आले. निद्रेच्या ज्या अवस्थेत पापण्यांखाली डोळे वेगाने हलतात, त्या अवस्थेच्या इंग्रजी नावाची ही तीन आद्याक्षरे होत. चर्चची ती इमारत १९९० साली पाडण्यात आली व केवळ तिचा मनोरा शिल्लक राहिला. एकत्तीस वर्षांच्या वाटचालीनंतर, २१ सप्टेंबर २०११ रोजी, या संचाने आपले विसर्जन जाहीर केले.

रॉक संगीताचा इतिहास हा भाषाविभागाच्या पत्रिकेचा विषय कसा, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखकास या विषयाकडे वळावेसे वाटले ते एका विचित्र वस्तुस्थितीमुळे. या संचाच्या पहिल्या चारपाच वर्षांतील गाण्यांचे शब्द इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशा श्रोत्यांनाही धडपणे कळत नसत. आणि तरीही, किंबहुना याच काळात, त्यांच्याभोवती निष्ठावंत श्रोतृवर्ग जमला. शब्द न कळणारे गाणे लोक का ऐकतात, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

प्रथम घडणीविषयी. या संचाचा उल्लेख ‘दक्षिणेकडील’ असा सर्वत्र केला जातो. परंतु गायक मायकेल स्टाइप हा एकटाच जॉर्जियात जन्मलेला होता, आणि त्याचेही बालपण सैनिकी नोकरीतील वडिलांबरोबर गावोगाव हिंडण्यात गेले. गिटारवादक पीटर बक व बासवादक माइक मिल्स यांचा जन्म कॅलिफोर्नियातला, तर तालवादक बिल बेरी याचा मिनेसोटातला. मिल्स आणि बेरी हे मेकन गावातील शाळासोबती. बक हा अथेन्समधील ‘वक्सट्री’ नावाच्या तबकड्यांच्या दुकानात कामाला होता, आणि जॉर्जिया विद्यापीठात कलाशिक्षण घेणारा स्टाइप तेथे गिऱ्हाईक म्हणून येई. बकने स्वतःसाठी बाजूला ठेवलेल्या तबकड्याच स्टाइप नेमक्या विकत घेई, व त्यातून दोघांचा स्नेह जमला, असे सांगितले जाते.

एका लहानशा गावातून, जणू शून्यातून, हे संगीत उगवले ही जी लोकप्रिय कथा आहे ती मात्र तपासून घेतली पाहिजे. अथेन्स हे १७८५ मध्ये सनद मिळालेल्या विद्यापीठाचे गाव. स्वस्त भाड्याच्या जुन्या इमारती, कलाशाखेचे विद्यार्थी, १९७२ पासून चालू असलेले विद्यार्थ्यांचे नभोवाणी केंद्र ही सामग्री तेथे आधीपासून सिद्ध होती. ‘बी-फिफ्टीटूज’ हा संच १९७७ मध्ये याच गावी प्रथम वाजला व लवकरच न्यूयॉर्कपर्यंत पोचला. त्यामागोमाग ‘पायलॉन’ आला. शिवाय बेरी हा मेकनमध्ये कार्यक्रम ठरवून देणाऱ्या एका संस्थेत काम करीत असता त्याची इयान कोपलंड याच्याशी ओळख झाली होती, आणि इयानचा भाऊ माइल्स हा ‘आय. आर. एस.’ या ध्वनिमुद्रण कंपनीचा प्रमुख होता. या ओळखींनी संचाचे गुण कमी होत नाहीत. पण ‘कोठूनही न आलेले’ असे त्यांना म्हणता येत नाही. उलटपक्षी कष्टही खरेच होते. व्यवस्थापक जेफर्सन होल्ट हाकीत असलेल्या एका जुन्या निळ्या व्हॅनमधून, माणशी दिवसाला दोन डॉलर भत्त्यावर, दक्षिणेतील गावे त्यांनी पालथी घातली. अशा संचांसाठी ठरलेली वाट तेव्हा नव्हती. ती पुढे इतरांना यांच्यामुळे मिळाली.

एप्रिल १९८१ मध्ये विन्स्टन-सेलम येथे मिच ईस्टर याने आईवडिलांच्या गॅरेजमध्ये थाटलेल्या ध्वनिमुद्रणगृहात त्यांनी काही गाणी मुद्रित केली. त्यांपैकी ‘रेडिओ फ्री युरोप’ हे त्याच वर्षी जुलैमध्ये ‘हिब-टोन’ या अटलांटातील इवल्याशा कंपनीने प्रसिद्ध केले. पहिल्या खेपेस एक हजार प्रती निघाल्या. पैकी सहाशे नमुन्यादाखल वाटल्या गेल्या. गंमत अशी की, तबकडीवर प्रकाशकाचा पत्ता छापावयाचाच राहून गेला होता. तरीही प्रती संपल्या, आणि आणखी सहा हजार काढाव्या लागल्या. समीक्षकांनीही या तबकडीची वाखाणणी केली. गाण्याचे नाव शीतयुद्धकाळातील एका वास्तव नभोवाणी केंद्राचे आहे. ते केंद्र म्यूनिकहून पूर्व युरोपातील जनतेसाठी प्रक्षेपण करीत असे व त्याच्या ध्वनिलहरींत हेतुपुरस्सर गोंगाट मिसळला जाई. खरखरीआडून अर्धवट ऐकू येणाऱ्या वाणीचे नाव अर्धवट कळणाऱ्या गाण्याला मिळावे, हा योग शब्दांच्या अभ्यासकास सुखावणारा आहे. तो जाणूनबुजून साधला होता असा माझा आग्रह नाही.

येथे ‘इंडी’ या संज्ञेविषयी थोडे विषयांतर आवश्यक आहे. ‘स्वतंत्र’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे हे लघुरूप प्रारंभी शुद्ध व्यापारी संज्ञा होते. ब्रिटनमध्ये जानेवारी १९८० पासून स्वतंत्र तबकड्यांच्या खपाची निराळी यादी प्रसिद्ध होऊ लागली. तिची कसोटी संगीताच्या स्वरूपाची नसून वितरणाची होती : मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणेबाहेरून जी विकली जाते ती स्वतंत्र. पुढील दहा वर्षांत या शब्दाचा अर्थ सरकत जाऊन तो एका शैलीचा वाचक बनला. ‘आर. ई. एम.’ला अमेरिकेत त्या काळी ‘कॉलेज रॉक’ म्हणत; ‘इंडी’ हे विशेषण त्यांना बहुतांशी मागाहून चिकटले आहे. मे १९८२ मध्ये ‘आर.सी.ए.’सारख्या बलाढ्य कंपनीची आगाऊ रक्कम नाकारून त्यांनी ‘आय. आर. एस.’शी करार केला, ही गोष्ट स्वातंत्र्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. परंतु ‘आय. आर. एस.’च्या तबकड्यांचे वितरण ‘ए अँड एम’ ही मोठी कंपनी करीत होती. वितरणाची कसोटी काटेकोरपणे लावली, तर हा जगप्रसिद्ध ‘स्वतंत्र’ संच केवळ एका तबकडीपुरता, तीही पत्ता नसलेली, स्वतंत्र होता असे म्हणावे लागेल. संज्ञेचा अर्थ बदलला की जुन्या घटनांनाही ती नवा अर्थ देऊ लागते. इतिहासलेखकाने येथे सावध राहिले पाहिजे.

एप्रिल १९८३ मध्ये ‘मर्मर’ ही त्यांची पहिली दीर्घ तबकडी निघाली. तीपूर्वी कंपनीने स्टीफन हेग या निर्मात्याकडून एक गाणे करवून पाहिले होते. त्याने तेच गाणे पुनःपुन्हा वाजवून घेतले आणि मागाहून त्यात कळफलकाच्या वाद्यांची भर घातली. संचास ते रुचले नाही व त्यांनी ईस्टर आणि डॉन डिक्सन यांचा आग्रह धरला. शार्लट येथील ‘रिफ्लेक्शन’मध्ये मुद्रण झाले. वर्षाअखेर अमेरिकेत तिच्या सुमारे दोन लक्ष प्रती गेल्या व खपाच्या यादीत ती ३६ व्या क्रमांकापर्यंत चढली. कंपनीची अपेक्षा याहून अधिक होती. तथापि ‘रोलिंग स्टोन’च्या समीक्षकांनी तिला त्या वर्षीची सर्वोत्तम तबकडी ठरविले, आणि त्या वर्षी मायकेल जॅक्सनची ‘थ्रिलर’ घरोघर वाजत होती हे येथे ध्यानात घ्यावे.

या तबकडीत शब्द का कळत नाहीत? एक कारण ध्वनिमिश्रणाचे आहे. सामान्यतः रॉक संगीतात गायकाचा आवाज पुढे व वाद्ये मागे असतात. येथे आवाज वाद्यांच्या पातळीवर, कधी तिच्याही खाली ठेवलेला आहे. बकची गिटार एकेक तार सुटी छेडीत जाते, बास स्वतःचीच स्वतंत्र चाल गातो, आणि मिल्स व बेरी मागून पुष्कळदा मुख्य गायकाहून वेगळेच शब्द म्हणतात. दुसरे कारण उच्चाराचे. गाताना स्वर लांबतात आणि व्यंजनांना मिळणारा अवकाश तुलनेने आखडतो. परंतु शब्दांचा भेद ओळखण्याचे काम इंग्रजीत फार मोठ्या प्रमाणावर व्यंजनेच करतात. स्टाइप ही व्यंजने, विशेषतः शब्दान्तीची, शिथिल करतो अथवा गिळतो. तिसरे कारण रचनेचे, आणि माझ्या मते तेच निर्णायक आहे. अस्पष्ट ऐकू आलेले वाक्य आपण संदर्भाच्या बळावर पुरे करतो. येथे शेजारच्या दोन पदांत अर्थाची संगती नसल्याने तो आधारही सुटतो. चुकीच्या ऐकण्यातून तयार झालेल्या पाठाला इंग्रजीत ‘माँडेग्रीन’ म्हणतात. हा शब्द सिल्व्हिया राइट यांनी १९५४ मध्ये एका लेखात घडविला. तथापि माँडेग्रीन होण्यासाठी मूळ पाठ निश्चित असावा लागतो. ‘मर्मर’च्या श्रोत्यांजवळ पडताळून पाहण्यास तसा पाठच नव्हता, कारण तबकडीच्या वेष्टनावर शब्द छापलेले नव्हते.

आपल्याकडील वाचकास तराण्याची आठवण होईल. पण साम्य वरवरचे आहे. तराण्यातील अक्षरे अर्थासाठी नाहीत हे गाणारा आणि ऐकणारा दोघांनाही मान्य असते. येथे मात्र खाली शब्द आहेत अशी श्रोत्याची खात्री असते, व ती खोटीही नसते. ख्यालातील बंदिशीशी तुलना अधिक जवळची ठरावी. ‘मर्मर’ हे नाव उच्चारण्यास अत्यंत सोपे म्हणून निवडले, असे स्टाइपने सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. ओष्ठ्य अनुनासिक ‘म’ मुलांच्या तोंडी लवकर येतो हे रोमान याकोबसन यांनी दाखविले आहेच. मात्र ‘र’ मुलांना बराच उशिरा साधतो, तेव्हा गायकाचे विधान निम्मेच मान्य करता येईल. संस्कृतातील ‘मर्मर’ आणि लॅटिनमधून इंग्रजीत आलेला हा शब्द हे सजातीय समजले जातात. आणखी एक योगायोग असा की, मराठीतील घ, ध, भ, म्ह, न्ह यांच्या उच्चारात जो श्वासमिश्रित घोष असतो, त्यालाही आधुनिक ध्वनिविज्ञानात याच नावाने ओळखतात.

१९८४ व १९८५ मधील दोन दीर्घ तबकड्यांविषयी येथे विस्तार करीत नाही. वळण आले ते १९८६ मध्ये. ‘लाइफ्स रिच पेजंट’चा निर्माता डॉन गेहमन याने स्टाइपला शब्द स्वच्छ म्हणावयास लावले. या नावातील षष्ठीचे चिन्ह संचाने गाळले आहे. आवाज स्पष्ट झाला त्याच वेषी लेखनात एक चिन्ह लोपले! ही त्यांची अमेरिकेत पाच लक्षांचा टप्पा गाठणारी पहिली तबकडी. १९८७ च्या ‘डॉक्युमेंट’ने दहा लक्षांचा टप्पा ओलांडला, व तीमधील ‘द वन आय लव्ह’ हे गाणे खपाच्या यादीत नवव्या स्थानी पोचले. हे गाणे पुष्कळांनी प्रेमगीत म्हणून एकमेकांना अर्पण केले, वस्तुतः त्यातील भाव जवळजवळ क्रूर आहे. १९८८ मध्ये संच ‘वॉर्नर ब्रदर्स’ या प्रचंड कंपनीकडे गेला.

यावरून, शब्द कळू लागले म्हणून यश आले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. मला तो मान्य नाही. शब्द स्पष्ट झाल्यावरही अर्थ हुकतच होता हे वरील प्रेमगीतावरून दिसते; १९९१ च्या ‘लूझिंग माय रिलिजन’वरून तर अधिकच. हे त्यांचे सर्वांत यशस्वी गाणे. ते अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर गेले. त्याचे नाव म्हणजे दक्षिण अमेरिकन राज्यांच्या बोलीतला एक वाक्प्रचार असून त्याचा अर्थ संयम सुटणे, सहनशक्तीचा अंत होणे असा आहे. धर्म सोडण्याशी त्याचा संबंध नाही. बोलीच्या प्रदेशाबाहेर हा अर्थ ठाऊक नसल्याने जगभर त्याचा शब्दशः अर्थ घेण्यात आला. मी स्वतः शाळकरी वयात हे गाणे केबल दूरचित्रवाणीवर पाहिले, तेव्हा हा कोणी श्रद्धा गमावलेला मनुष्य आहे अशी माझी पक्की समजूत होती. त्या समजुतीस चित्रफितीने बळच दिले. तिचा दिग्दर्शक जालंधरचा तर्सेम सिंग, आणि तीत आपल्याकडील देवादिकांच्या कॅलेंडरांची छाया उघड आहे. अशा तऱ्हेने जॉर्जियातील घरगुती वाक्प्रचाराला पंजाबच्या वाटेने धार्मिक अर्थ प्राप्त झाला, आणि तो अर्थ आमच्यापर्यंत मूळ अर्थाच्या आधी पोचला. त्याला निव्वळ चूक म्हणून बाजूला सारावे असे मला आता वाटत नाही.

मग या संचाच्या उदयाचे कारण काय मानावयाचे? माझा तर्क असा. त्यांच्या मूळ रचनांचे श्रेय, कोणी काय सुचविले याचा विचार न करता, चौघांच्या नावे सारखेच लिहिले जाई, आणि उत्पन्नही सारखे वाटले जाई. रॉक संचांच्या इतिहासात श्रेयावरून झालेली भांडणे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना या व्यवस्थेचे महत्त्व सांगावयास नको. ‘मर्मर’मध्ये ऐकू येते ती हीच व्यवस्था : गायकाचा आवाज हा चारांतील एक, अधिक नाही आणि उणा नाही. अस्फुट शब्द हा गायकाच्या भिडस्तपणाचा परिणाम होता असे मानणाऱ्यांना ऑक्टोबर १९८३ मधील दूरचित्रवाणीवरील त्यांचे पहिले दर्शन पुराव्यादाखल मिळते. मुलाखतकार बक व मिल्स यांच्याशी बोलत असता स्टाइप मागे ढोलांच्या चौथऱ्यावर गप्प बसून राहिला होता. भिडस्तपणा असेलही. पण एकट्या भिडस्त मनुष्याला तबकडीचे ध्वनिमिश्रण ठरविता येत नाही. त्यास चौघांची संमती लागते.

१९८८ च्या ‘ग्रीन’च्या वेष्टनावर त्यांनी प्रथमच शब्द छापले, तेही एकाच गाण्याचे. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमधील रंगमंचावर बेरीच्या मेंदूत रक्तस्राव झाला. त्यातून तो बरा झाला, परंतु १९९७ मध्ये संच सोडून शेती करावयास गेला. उरलेल्या तिघांची पहिली तबकडी ‘अप’ १९९८ मध्ये आली. तिच्या वेष्टनावर सर्व गाण्यांचे शब्द आरंभापासून शेवटपर्यंत छापलेले होते.