गाडी उंचावली किती?

श्रोतेहो, खडकाळ वाटेने बैलगाडीत बसून ज्याने आठवड्याचा बाजार गाठला आहे, त्याला कमानीची थोरवी सांगावी लागत नाही. आपल्या जुन्या बैलगाडीत आस आणि साटा यांच्यामध्ये लवणारे असे काही नसते. चाकाचा धक्का थेट मणक्यात. टांग्याचे तसे नाही. त्याच्या पोटाखाली पोलादी पाट्यांची कमान असते. ही आली कुठून?

युरोपात पूर्वी बग्गीचा सांगाडा कातडी पट्ट्यांवर टांगीत. हंगेरीत कोच नावाचे गाव आहे. तिथल्या गाड्यांवरून इंग्रजी ‘कोच’ निघाला आणि आपल्याकडे कोचमन होऊन आला. पुढे पोलादी कमानी आल्या, तरी दोन्ही आसांना जोडणारा एक जड लाकडी दांडा खालून असेच. इ. स. १८०४ च्या सुमारास लंडनच्या ओबडाया एलियट या गाडी बनविणाऱ्याने लंबगोल कमानी थेट आसावर बसविल्या आणि त्या दांड्याला रजा दिली. गाडी हलकी झाली, बुटकीही झाली. बुटकी झाली, हे ध्यानात ठेवा.

कमान किती दबते याचा हिशेब मात्र त्याच्या कितीतरी आधी रॉबर्ट हूकने मांडला होता. गृहस्थ मोठा संशयी! १६७६ मध्ये त्याने आपला शोध चौदा अक्षरे वर्णक्रमाने लावून छापला. कुणाला कळू नये म्हणून. दोन वर्षांनी अर्थ उघड केला : जसा ताण, तसा जोर. म्हणजे दोन मणांना एक इंच दबणारी कमान चार मणांना दोन इंच दबेल. गुरुजी, वर्गात एक स्प्रिंग टांगा, वजने लावा, मुलांना फूटपट्टी द्या. मुलेच नियम सांगतील.

आता जीपगाडीकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांहून अधिक जीपगाड्या केल्या. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत महिंद्र कंपनीने त्यांची जुळणी आरंभली. त्यांना चारही चाकांशी पाट्यांच्या कमानी. चिखलात पोट टेकू नये म्हणून हौशी मंडळी गाडी उंच करून घेतात. मग जुनी जीप विकत घेणाऱ्याने ओळखावे कसे, की ही किती उंचावली आहे?

जमिनीपासून मोजाल तर फसाल. मोठे टायर घातले की सगळी गाडीच वर जाते, कमान आहे तिथेच. म्हणून तुंब्याच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत मोजा. मूळ अंतर १९ इंच असेल आणि आज २२ भरले, तर उचल ३ इंच. गाडी रिकामी हवी, जागा सपाट हवी. मोजण्याआधी गाडी दाबून हलवा, चार पावले ढकला; पाटे एकमेकांवर घासून अडकलेले असतात, आणि तिथे हूकसाहेबांचा नियम जरा लंगडतो. चारही चाकांशी मोजा. शेजारच्या जुन्या जीपशी ताडून पाहाल, तर तिच्या कमानी वर्षानुवर्षांच्या ओझ्याने बसलेल्या असतात. तुमची उचल उगाच जास्त वाटेल.

मग खाली वाका. आस आणि कमान यांच्यामध्ये ठोकळा घातला असेल, तर त्याची जाडी तीच उचल. पण कमानीच्या टोकाची लोंबती कडी दोन इंचांनी लांब केली असेल, तर आसापाशी सुमारे एकच इंच मिळतो, कारण कमानीचे दुसरे टोक जागचे हललेले नसते. पुष्कळजण इथेच चुकतात.

एवढी उठाठेव कशाला, असे कुणी म्हणेल. कडब्याने उंच भरलेली गाडी वळणावर कशी कलते, हे तुम्ही पाहिलेले आहे. चाकांमधले अंतर तेच ठेवून वजन वर नेले, की जीपचेही तेच होते. शिवाय ब्रेकच्या तेलाची रबरी नळी मूळ उंचीच्या बेताने कापलेली असते. चाक खड्ड्यात लोंबले की ती ताणते. म्हणून आकडा तीन निघो की पाच, चाक पूर्ण लोंबवून ती नळी आधी हाताने चाचपावी. मगच किमतीचे बोलणे करावे.